मोजणीबाहेरची घरे : भारतातील केबल ते ब्रॉडबँड

भारतातील माध्यम आणि मनोरंजन उद्योगाचा वार्षिक ताळेबंद मांडण्याचा प्रघात फिक्की या उद्योगसंस्थेने दोन दशकांहून अधिक काळ चालवला असून, ‘अर्न्स्ट अँड यंग’ या सल्लागार संस्थेसह तिने मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक जुना क्रम उलटलेला दिसला. सुमारे अडीच लाख कोटी रुपयांच्या या उद्योगात 2024 साली डिजिटल माध्यमांचा वाटा 80,200 कोटी रुपयांवर गेला आणि वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर असलेली दूरचित्रवाणी दुसऱ्या क्रमांकावर आली. या उलथापालथीचे श्रेय सामान्यतः स्मार्टफोनला आणि स्वस्त डेटाला दिले जाते, आणि ते खोटेही नाही; परंतु ज्या तारेने कोट्यवधी घरे आधीच जोडली होती त्या तारेवरूनच ब्रॉडबँड घरोघरी का पोहोचले नाही, आणि इतका विस्तारलेला व्यवसाय इतक्या थोड्या वर्षांत मागे का पडला, याचा उलगडा त्यातून होत नाही. त्यासाठी 1980 च्या दशकातील मुंबईच्या इमारतींपर्यंत मागे जावे लागते, कारण या उद्योगाची जवळजवळ प्रत्येक वळणावरची अडचण एकाच प्रश्नापाशी येऊन थांबलेली दिसते : तार नेमकी किती घरांत गेली आहे, हे कोणाला ठाऊक आहे?

प्रारंभी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली दूरचित्रवाणी 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात पोहोचली, तेव्हा रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासाठीही टपाल कार्यालयातून दरवर्षी परवाना घ्यावा लागत असे, आणि त्यामुळे कोणत्या घरात संच आहे याची नोंद सरकारदरबारी आपोआप होत असे. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, इन्सॅट उपग्रहांच्या आधाराने कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे गावोगाव उभी राहिली, ‘हम लोग’ आणि ‘रामायण’ यांनी संचांची मागणी वाढवली, आणि नेमक्या याच काळात, दशकाच्या मध्याला, परवान्याची पद्धत रद्द झाली. जाहिरातींचे उत्पन्न वाढत असताना परवाना-वसुलीचा खटाटोप निरर्थक ठरला होता, त्यामुळे तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता. पण प्रेक्षकांची घरवार नोंद ठेवणारी एकमेव व्यवस्था त्याबरोबर संपली.

त्याच वर्षांत मुंबईच्या उंच इमारतींमध्ये एक लहानसा धंदा आकार घेत होता. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर ही तेव्हा सधन घरांतली चैन होती, आणि एकाच इमारतीतील तीस-चाळीस घरांनी प्रत्येकी तो विकत घेण्याऐवजी तळमजल्यावरच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत एक यंत्र ठेवून तेथून प्रत्येक घरी तार ओढणे कितीतरी स्वस्त पडत असे. हिंदी चित्रपटांच्या कॅसेट रोज दोन-तीन वेळा लावल्या जात, महिन्याला ठरावीक रक्कम घेतली जाई, आणि स्वामित्वहक्काचा विचार फारसा कोणी करीत नसे. इमारतीतून चाळीत, चाळीतून शेजारच्या गल्लीत, गच्चीवरून झाडावर आणि झाडावरून विजेच्या खांबावर अशी ही तार पसरत गेली आणि ‘केबलवाला’ हा शहरी जीवनातला एक नवा व्यावसायिक उदयाला आला. त्याला कोणाचा परवाना लागत नव्हता, कारण असा परवाना देणारा कायदाच नव्हता. तार ओढण्याच्या कृतीवर लागू करता येईल असा जवळचा कायदा म्हणजे 1885 चा तारायंत्र कायदा होता.

या जाळ्याला आशय पुरवला तो एका उपग्रहाने, आणि त्या उपग्रहाची कथा थोडी विलक्षण आहे. फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकी अवकाशयानातून सोडलेला ‘वेस्टार-6’ हा उपग्रह मोटर निकामी झाल्याने चुकीच्या कक्षेत अडकला, नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला, आणि दुरुस्तीनंतर तोच ‘एशियासॅट-1’ या नावाने 7 एप्रिल 1990 रोजी चीनच्या अग्निबाणावरून पुन्हा अवकाशात गेला. हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या समूहाने त्यावर ‘स्टार टीव्ही’ ही सेवा 1991 मध्ये सुरू केली. पश्चिम आशियापासून जपानपर्यंतच्या टापूतील इंग्रजी जाणणारा श्रीमंत वर्ग तिने डोळ्यांसमोर ठेवला होता, आणि जाहिरातींवर चालणारी असल्याने तिचे संकेत कुलूपबंद, म्हणजे विशिष्ट यंत्राशिवाय उलगडता न येणारे, केलेले नव्हते. दहा-बारा फूट व्यासाची तबकडी बसवणाऱ्या कोणालाही ते फुकट घेता येत होते.

भारतात ती तबकडी केबलवाल्याने बसवली. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध पेटले तेव्हा मोठ्या शहरांतील पंचतारांकित हॉटेलांत ‘सीएनएन’वर बगदादवरील बॉम्बवर्षाव पाहता येतो ही वार्ता पसरली होती आणि परदेशी प्रक्षेपणाविषयीचे कुतूहल जागे झाले होते, वर्षाअखेरीस ‘बीबीसी’, ‘एमटीव्ही’, खेळांची वाहिनी आणि अमेरिकी मालिका असा भरगच्च माल केबलवाल्याच्या हाती एक पैसाही न देता आला. ऑक्टोबर 1992 मध्ये सुभाषचंद्र यांची ‘झी टीव्ही’ ही हिंदी वाहिनी याच उपग्रहावरून सुरू झाल्यावर इंग्रजीची अडचणही उरली नाही. ‘स्टार’ने करवून घेतलेल्या पाहण्यांनुसार 1992 च्या आरंभी भारतात जेमतेम चार लाख घरांत पोहोचलेली ही सेवा 1993 च्या अखेरीस सत्तर लाखांपलीकडे गेली, आणि दरम्यान जुलै 1993 मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने ‘स्टार’चा 63.6 टक्के हिस्सा 52 कोटी 50 लाख डॉलरना विकत घेतला. कोणत्याही मंत्रालयाने आखणी केलेली नसताना, कोणत्याही बँकेने कर्ज दिलेले नसताना, दोन वर्षांत इतके मोठे जाळे उभे राहावे, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. मात्र त्या वेगाची किंमत पुढे चुकवावी लागली.

शासनाची पावले सावकाश पडली. सप्टेंबर 1994 मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याचे रूपांतर 1995 च्या केबल टेलिव्हिजन जाळे (नियमन) कायद्यात झाले. केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयात नाममात्र शुल्क भरून नोंदणी करावी, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवाव्यात आणि कोणते कार्यक्रम दाखवले याची नोंदवही ठेवावी, असे या कायद्याने सांगितले. दशकभरापूर्वी ज्या टपाल कार्यालयात प्रत्येक दूरचित्रवाणी संचाची नोंद होत होती, तेथे आता केवळ केबलचालकाची नोंद होऊ लागली. त्याच्या ग्राहकांची संख्या त्या कागदपत्रांत कोठेही खात्रीलायकपणे उतरत नव्हती. कार्यक्रमांतील अश्लीलतेची आणि परकीय प्रभावाची चिंता त्या वेळच्या संसदीय चर्चेवर इतकी पसरलेली होती की धंद्याच्या हिशेबाचा प्रश्न दुय्यम ठरला. त्याच वर्षी 9 फेब्रुवारीला, 1993 च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. आकाशाचा प्रश्न अशा रीतीने तत्त्वतः सुटला. जमिनीवरच्या तारेचा तसाच राहिला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून क्रीडा आणि चित्रपटांच्या वाहिन्या क्रमाक्रमाने सशुल्क होऊ लागल्या, म्हणजे त्यांचे संकेत कुलूपबंद झाले आणि ते उलगडणारे यंत्र मिळवण्यासाठी केबलचालकाला दर जोडणीमागे पैसे देणे भाग पडले. येथून तीन पदरी रचना आकाराला आली. वर वाहिनी चालवणारे प्रक्षेपक होते. मध्ये ‘सिटी केबल’, ‘हॅथवे’, ‘इन केबल’ यांसारख्या मोठ्या कंपन्या होत्या, ज्या अनेक वाहिन्यांचे संकेत ‘हेडएंड’ नावाच्या केंद्रात एकत्र करून पुढे पाठवीत आणि ज्यांना धंद्यात एमएसओ म्हणत. आणि तळाशी स्थानिक केबलचालक होते, ज्यांची देशभरातील संख्या साठ हजारांच्या घरात सांगितली जाई. ग्राहकाचे दार ठोठावून महिन्याचे पैसे घेणारा, पावसाळ्यात ॲम्प्लिफायर जळाला की शिडी घेऊन येणारा आणि सारे काही ठाऊक असणारा माणूस हा तिसऱ्या पदरातला होता.

ॲनालॉग पद्धतीत, म्हणजे संकेत जसाच्या तसा तारेतून सोडण्याच्या जुन्या तंत्रात, तारेला आणखी एक फाटा काढला की एक घर वाढे आणि वरच्या दोन पदरांना त्याचा पत्ता लागत नसे. स्वाभाविकच केबलचालक जी संख्या जाहीर करी ती आणि त्याच्या वसुलीच्या वहीतील संख्या यांत जमीनअस्मानाचे अंतर पडे. रुपयातले चार आणेही कागदावर येत नाहीत, अशी प्रक्षेपकांची तक्रार होती. महाराष्ट्रात जोडणीमागे आकारल्या जाणाऱ्या करमणूक शुल्काची वसुली करणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयांचा अनुभवही निराळा नव्हता. केबलचालकाचे म्हणणे असे की वाहिन्यांचे दर दरवर्षी मनमानी वाढतात, नको त्या वाहिन्या हव्या असलेल्यांसोबत गळ्यात मारल्या जातात, आणि तार, खांब, माणसे व तुटफूट यांचा खर्च त्याने एकट्याने सोसलेला आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. खरी संख्या कोणीच मान्य करीत नसल्यामुळे दर वर्षीचा करार म्हणजे घासाघीस होई, आणि ती फिसकटली की एखाद्या महत्त्वाच्या क्रिकेट मालिकेच्या तोंडावर पडद्यावरून वाहिनी गायब होई.

मोजणीच्या या अभावातून आणखी एक उलटा व्यवहार जन्माला आला. ॲनालॉग तारेत शंभराच्या आसपासच वाहिन्या मावत असत आणि जुन्या संचांवर त्यांतल्या पहिल्या काहीच स्वच्छ दिसत. दुसरीकडे जाहिरातींचे दर टीआरपीवर, म्हणजे काही हजार निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांनी नोंदवलेल्या प्रेक्षकसंख्येवर ठरत आणि ही घरे प्रामुख्याने शहरांत होती. तेव्हा त्या शहरांत चांगल्या जागी दिसण्यासाठी वाहिन्याच एमएसओंना पैसे देऊ लागल्या. याला ‘कॅरेज फी’ म्हणजे वहनशुल्क म्हणत. ग्राहकाकडून यायला हवे ते पैसे येत नाहीत म्हणून वाहिनी जाहिरातीवर विसंबे, जाहिरातीसाठी टीआरपी हवा म्हणून वाहिनीनेच पैसे मोजावेत, आणि तो खर्च भागवण्यासाठी कार्यक्रम अधिकाधिक ढोबळ रुचीला उतरावेत, हे चक्र वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत विशेष हानिकारक ठरले. 1999 मध्ये सुरू झालेली ‘अल्फा मराठी’, 2000 मधील ‘ईटीव्ही मराठी’ आणि 2007 मधील ‘स्टार माझा’ यांनी मराठी मालिका, नाट्य-संगीत आणि बातम्या यांना स्वतःचे घर मिळवून दिले, तरी मुंबईच्या तारेत त्यांना कोणत्या क्रमांकावर जागा मिळते यावर त्यांचे उत्पन्न बरेचसे अवलंबून होते. टीआरपीची घरेही गुप्त राहिली नाहीत. 2001 मध्ये मुंबईतील अशा घरांची यादी फुटली आणि मोजणी करणाऱ्या यंत्रणेवरचा विश्वास प्रथमच उघडपणे डळमळला.

जुलै 2000 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ने ‘स्टार प्लस’ला शिखरावर नेल्यावर वाहिन्यांचे दर वेगाने चढले, महिन्याचे बिल वाढले आणि ग्राहकांच्या रागाची दखल शासनाला घ्यावी लागली. डिसेंबर 2002 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ‘कॅस’ ही पद्धत आणण्यात आली. यात सशुल्क वाहिन्या पाहण्यासाठी प्रत्येक ग्राहकाने सेट-टॉप बॉक्स घ्यायचा होता. ज्या वाहिन्या त्याने निवडल्या तेवढ्याच त्याच्या पेटीत उघडणार होत्या, आणि कोणत्या पेटीत काय उघडले याची नोंद मध्यवर्ती संगणकात होणार होती. प्रेक्षकाला हवे तेवढ्याचेच पैसे, आणि उद्योगाला घरांचा खरा आकडा, असे दुहेरी फळ त्यातून मिळणार होते. प्रत्यक्षात पेटीसाठी काही हजार रुपये मोजावे लागणार हे कळताच महानगरांत विरोध उसळला, निवडणुका तोंडावर होत्या, आणि सप्टेंबर 2003 मध्ये ही पद्धत एकट्या चेन्नईत लागू झाली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात ती लांबणीवर पडली. जानेवारी 2004 मध्ये प्रसारणाचे नियमन दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे, सोपवले गेले. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 31 डिसेंबर 2006 पासून तीन महानगरांच्या काही भागांत, मुंबईत दक्षिण भागात, निःशुल्क वाहिन्यांच्या संचाला 77 रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला 5 रुपये या दराने ‘कॅस’ सुरू झाली. शहराच्या एका भागात पेटी आणि दुसऱ्या भागात जुनाच कारभार, अशा अवस्थेत तिचा प्रभाव मर्यादितच राहिला.

या दिरंगाईचा लाभ डीटीएचला, म्हणजे उपग्रहावरून थेट घराच्या छोट्या तबकडीवर येणाऱ्या सेवेला झाला. 1997 मध्ये शासनाने तिच्यावर बंदी घातली होती. नोव्हेंबर 2000 मध्ये ती उठली, ऑक्टोबर 2003 मध्ये ‘डिश टीव्ही’ आणि 2006 मध्ये ‘टाटा स्काय’ आली. तारेची कटकट नको असलेला ग्राहक तिकडे वळला आणि केबलच्या तुलनेत येथे प्रत्येक घराची नोंद पहिल्या दिवसापासून होती. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने सुरू केलेली मोफत सेवा मात्र याला अपवाद होती. पुढे ‘फ्री डिश’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या सेवेची तबकडी आणि पेटी बाजारातून एकदा विकत घेतली की मासिक शुल्क नाही, अर्ज नाही आणि म्हणून नोंदही नाही.

केबलच्या डिजिटायझेशनची सक्ती करणारा कायदा डिसेंबर 2011 मध्ये झाला. संकेत आकड्यांच्या रूपात आणि कुलूपबंद करूनच पाठवायचे असल्यामुळे पेटीशिवाय काहीच दिसणार नव्हते, आणि ‘कॅस’च्या वेळी राहिलेली पळवाट बंद होणार होती. चार महानगरांसाठी 31 ऑक्टोबर 2012 आणि पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद यांसह 38 शहरांसाठी 31 मार्च 2013 ही मुदत ठरली. उरलेल्या शहरांचा आणि ग्रामीण भागाचा टप्पा न्यायालयीन स्थगित्या आणि मुदतवाढी यांतून 2017 पर्यंत लांबला. पेट्या बसल्या, पण कोणत्या पेटीमागे कोण ग्राहक आहे आणि त्याने कोणत्या वाहिन्या निवडल्या हे सांगणारे अर्ज अनेक ठिकाणी भरलेच गेले नाहीत. एमएसओंनी पेट्यांवर कर्ज काढून पैसे ओतले, केबलचालकाला मात्र आपली वही, म्हणजेच आपले गिऱ्हाईक, त्यांच्या संगणकात जाते आहे याची धास्ती वाटत होती. त्याच्या दृष्टीने ती धास्ती अनाठायी नव्हती, कारण त्याच्या हाती भांडवल म्हणून तेवढेच होते.

हाच धागा ब्रॉडबँडच्या कहाणीला जोडलेला आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएस इतक्या, आज हसू येईल अशा, किमान वेगाची व्याख्या करून 2010 पर्यंत 2 कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात 2010 च्या अखेरीस त्या 1 कोटी 10 लाखांच्या आसपास होत्या. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारा सरकारी कंपन्यांकडे होत्या आणि त्या इतरांना वापरू द्याव्यात ही ‘ट्राय’ची शिफारस मान्य झाली नाही, उरली ती केबल. अमेरिकेत केबल कंपन्याच ब्रॉडबँडच्या प्रमुख पुरवठादार झाल्या, कारण त्यांनी आपली जाळी दुहेरी, म्हणजे घरातूनही संकेत परत पाठवू शकतील अशी, करून घेतली. भारतात त्यासाठी गल्लीगल्लीतील ॲम्प्लिफायर आणि जुन्या तारा बदलणे आवश्यक होते, आणि त्या खर्चाला कर्ज हवे तर उत्पन्न कागदावर दाखवणे भाग होते. ज्या लपवाछपवीने केबलचालकाला वीस वर्षे तगवले, तिनेच त्याची पत निर्माण होऊ दिली नाही. मोठ्या शहरांतील काही एमएसओंनी तारेवरून इंटरनेट दिले, परंतु बहुतांश जाळे चित्रपट आणि मालिका एका दिशेने वाहून नेण्यापुरतेच राहिले.

जून 2010 मध्ये ब्रॉडबँडसाठीच्या बिनतारी लहरींच्या लिलावात ‘इन्फोटेल’ या फारशा परिचित नसलेल्या कंपनीने सर्व 22 परिमंडळांचे हक्क सुमारे 12,848 कोटी रुपयांना मिळवले आणि त्याच दिवशी रिलायन्सने तिचा 95 टक्के हिस्सा घेतला. त्यातून उभी राहिलेली ‘जियो’ 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झाली, कित्येक महिने तिची सेवा मोफत होती, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये तिचे ग्राहक 10 कोटींवर गेले. ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार एक जीबी डेटासाठी 2014 मध्ये सरासरी सुमारे 269 रुपये पडत, ते 2018 मध्ये 12 रुपयांच्या आत आले. फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेले ‘हॉटस्टार’, 2016 च्या जानेवारीत आलेले ‘नेटफ्लिक्स’ आणि त्याच वर्षाअखेरचे ‘ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ’ यांना पडदा मिळाला तो या स्वस्ताईमुळे. येथे मोजणीचा प्रश्नच उरला नाही, कारण प्रत्येक प्रेक्षक लॉगइन करूनच आत येतो आणि त्याने काय, किती मिनिटे पाहिले हे कंपनीला त्याच क्षणी कळते.

दूरचित्रवाणीला मात्र तिची जुनी दुखणी सोडत नव्हती. ‘ट्राय’ची नवी दरपद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2018 मधील निर्णयानंतर 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली, तिच्यात पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी 130 रुपये आणि कर, त्यावर निवडलेल्या प्रत्येक सशुल्क वाहिनीचा छापील दर, असा हिशेब होता. केबलचालकाचा वाटा प्रथमच नियमात लिहिला गेला, जाहीर संख्येचा वाद बराचसा मिटला आणि घरे एकदाची मोजली गेली. पण बहुतेक ग्राहकांचे बिल वाढले आणि ज्यांच्या हाती स्वस्त डेटा होता ते सोडून जाऊ लागले. केबल कंपन्यांच्या महासंघाने ‘अर्न्स्ट अँड यंग’सह केलेल्या पाहणीनुसार सशुल्क दूरचित्रवाणीची घरे 2018 मधील 15.1 कोटींवरून 2024 मध्ये 11.1 कोटींवर आली. मोजणी साधली ती ग्राहक निघून जाण्याच्या काळात, हे या व्यवस्थेचे दुर्दैव म्हणावे लागेल. ‘कॅस’ 2003 मध्येच नेटाने राबवली गेली असती तर केबलला दुहेरी जाळे उभारण्यासाठी दशकभराचा अवधी आणि भांडवल दोन्ही मिळाले असते, असे मानायला पुरेसा आधार आहे.

शेवटी ती तार ब्रॉडबँडच्या कामी आली, पण दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. ऑक्टोबर 2018 मध्ये रिलायन्सने ‘हॅथवे’ आणि ‘डेन’ या दोन मोठ्या एमएसओंमध्ये बहुमताचा हिस्सा घेण्याची घोषणा केली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये ‘जियो फायबर’ची व्यावसायिक सेवा सुरू झाली. त्या खरेदीत सर्वांत मौल्यवान वस्तू होती ती स्थानिक केबलचालकांशी असलेले नाते, कारण इमारतीत तार नेण्याची मुभा, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची ओळख आणि घरोघरी जाणारा माणूस त्याच्याकडे होता. टाळेबंदीच्या काळात घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्यावर हजारो केबलचालकांनी कोणत्या ना कोणत्या कंपनीचे फायबर आपल्या भागात ओढले आणि ते तिचे कमिशनवरचे भागीदार झाले. तरीही तारेवरच्या ब्रॉडबँडची व्याप्ती लहानच राहिली : 2024 च्या अखेरीस देशातील सुमारे 94 कोटी ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेवरचे सुमारे 4 कोटीच होते.

क्रिकेटच्या हक्कांनी या बदलावर शिक्कामोर्तब केले. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी जून 2022 मध्ये झालेल्या लिलावात भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क 23,575 कोटी रुपयांना, तर डिजिटल हक्क त्याहून किंचित अधिक रकमेला गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम-व्यवसाय एकत्र आले आणि 14 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांचे ‘जियोहॉटस्टार’ सुरू झाले. डीटीएचचे ग्राहक, जे 2020 च्या अखेरीस सात कोटींवर होते, ते 2025 पर्यंत सहा कोटींखाली घसरले. उलट नोंद नसलेल्या ‘फ्री डिश’ची घरे साडेचार ते पाच कोटी असावीत असा उद्योगाचा अंदाज आहे, आणि अंदाजापलीकडे कोणालाच जाता येत नाही.

दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या आजही नमुना घरांवरून काढली जाते. 2015 पासून हे काम करणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेला ऑक्टोबर 2020 मध्ये, आकड्यांत फेरफार झाल्याच्या मुंबई पोलिसांच्या आरोपांनंतर, वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे मार्च 2022 पर्यंत थांबवावे लागले होते. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये मोजणीचे नियम बदलण्याचा जो मसुदा मांडला, त्या वेळी 23 कोटी दूरचित्रवाणी-घरांमागे सुमारे 58,000 यंत्रे असल्याचे नमूद झाले, आणि इंटरनेटला जोडलेल्या संचांवर जे पाहिले जाते ते या यंत्रांना पुरेसे टिपता येत नाही हेही. डिजिटल मंचांच्या बाबतीत तर बाहेरची यंत्रेही नाहीत : सामना एकाच वेळी किती कोटी लोकांनी पाहिला हा आकडा ज्या कंपनीला जाहिरात विकायची आहे तीच जाहीर करते, आणि जाहिरातदाराने तो मान्य करायचा असतो. केबलचालकाच्या वहीतला आकडा प्रक्षेपकाला कमी दाखवला जाई. या नव्या वहीतला आकडा कमी दाखवण्याचे कारण कोणालाही नाही.